वाड्यातील भूत आणि घरातील माणूस

वाचन : २ शमुवेल ११ व १२, मार्क ५:१-२०



'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. झी मराठीवर तिचे पहिले पर्व २०१६ मध्ये, दुसरे २०१९ मध्ये आणि तिसरे २०२१ मध्ये सुरू झाले. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील वाड्यात तिचे चित्रण झाले. ती पाहिलेली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला विचारतात, "फादर, भुते खरी असतात का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, म्हणून आजचा हा पाठ.

१. मालिकेत खरे काय आहे?

त्या वाड्यातील भीतीचे मूळ स्मशानात नाही, घरातच आहे. दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक दुसऱ्याच्या बायकोच्या, शेवंताच्या, मागे लागतात. एक पाप झाकायला दुसरे करावे लागते. माई सारे पाहते आणि सोसते. येथे आपल्याला दावीद राजा आठवावा. बथशेबेसाठी त्याने उरीयाला लढाईत पुढे उभे करून मारविले. परंतु दावीदाच्या दारी नाथान संदेष्टा आला. त्याने गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली आणि राजाने पाप कबूल केले. अण्णांच्या वाड्यात नाथान येत नाही. कबुली नाही, म्हणून सुटकाही नाही. दडपलेले पाप घर सोडत नाही, एवढे मालिकेने खरे दाखविले आहे.

२. कोठे सावध राहावे?

या मालिकेमुळे अंधश्रद्धा वाढते, कोकणची बदनामी होते, अशी तक्रार कोकणातूनच झाली होती. आमची काळजी थोडी वेगळी आहे. अशा मालिका पाहून विचित्र वागणारा माणूस म्हणजे 'बाहेरची बाधा', हे मनात पक्के बसते. इंग्रजी भयपटांत तर फादरच्या हाती क्रूस शस्त्रासारखा दिलेला असतो. क्रूस हा ताईत नव्हे, आणि पवित्र पाणी हा उतारा नव्हे.

काही वर्षांपूर्वी आम्हाला एका घरी बोलावणे आले. सुनेला लागीर झाले आहे, पाणी शिंपडा, असे सांगण्यात आले. भगताकडे पैसे घालवून झाले होते. आम्ही प्रार्थना केली, पाणी शिंपडले आणि चहा घेऊन निघालो. त्या मुलीशी मात्र एक शब्दही बोललो नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा शेजारी बसून विचारले. बाळंतपणाला दोन महिने झाले होते, रात्र रात्र झोप नव्हती, नवरा रांजणगावला रात्रपाळीत. तिला भुताने नव्हे, आजाराने धरले होते. डॉक्टरांच्या औषधाने ती सावरली. ते पंधरा दिवस आमच्यामुळे वाया गेले, हे आम्ही विसरलेलो नाही.

३. ख्रिस्तसभा काय शिकविते?

सैतान नाही, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. पण कोणताही धर्मगुरू बिशपांच्या खास परवानगीवाचून भूतनिस्सारणाचा विधी करू शकत नाही (धर्मनियम ११७२). त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी, आजारावर इलाज करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे कॅथोलिक धर्मशिक्षण सांगते (क्र. १६७३). मृतांना आपण भीत नाही. २ नोव्हेंबरला त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो.

थडग्यांत राहणाऱ्या त्या माणसाला लोकांनी साखळदंडांनी बांधले होते. येशू त्याच्याशी बोलला. शेवटी तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला दिसतो, आणि येशू त्याला स्वतःच्या माणसांकडे घरी पाठवितो. ख्रिस्ताचे काम माणसाला घरी परत आणण्याचे आहे.

कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या घरात कोणती गोष्ट वर्षानुवर्षे झाकून ठेवली आहे? ती पापनिवेदनात सांगता येईल का?
२. आपल्या तळेगाव ढमढेऱ्यात कोणाला 'वेडा' किंवा 'झपाटलेला' म्हणून आपण टाळतो? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?

मनाचा आजार वाटल्यास डॉक्टरांना भेटावे, अथवा शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करावा. आम्हालाही बोलवा. या वेळी आधी बसू, ऐकू, मग प्रार्थना करू.

आपला,
धर्मगुरू