शोकेसवरची बाटली

पालकहो, आज अभ्यासाचं नाही, डोळ्यांचं बोलायचं आहे. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवताना रोज दिसतं ते सांगते. वर्गातली दोन-तीन मुलं फळ्याकडे बघताना सारखी डोळे मिचकावतात, मनगटाने चोळतात. विचारलं तर म्हणतात, "बाई, मम्मीने ड्रॉप टाकलाय." कोणता, ते मुलाला माहीत नसतं. मम्मीला विचारावं तर तिलाही नाव सांगता येत नाही. शोकेसवर बाटली असते, घरात ज्याचा डोळा दुखेल त्याला ती.

आमच्या घरीही अशीच बाटली होती. मुलगा सात वर्षांचा असताना त्याचे डोळे लाल होऊन खाजायला लागले. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेला ड्रॉप मी त्याला टाकला. संध्याकाळपर्यंत लाली गेली. मग लाली आली की तोच ड्रॉप, संपला की मेडिकलमधून तसाच दुसरा. शेवटी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून मलाच लेबल वाचायला सांगितलं. अँटिबायोटिकच्या नावाखाली बारीक अक्षरात दुसरं नाव होतं, डेक्सामेथासोन. "हे स्टेरॉईड आहे. किती दिवस टाकताय?" मला सांगता येईना. त्याच्या डोळ्यातलं प्रेशर मोजलं, ते ठीक निघालं. पण मोजून होईपर्यंत मी बाकावर कशी बसले होते, ते माझं मला ठाऊक.

स्टेरॉईड वाईट नाही. ऑपरेशननंतर किंवा डोळ्याला आतून सूज असेल तर डॉक्टर ते मोजून देतात, हळूहळू कमी करतात. तसं चालू असेल तर मनाने बंदही करू नका. पण मनाने महिनोन् महिने टाकलं तर काचबिंदू होऊ शकतो, लहान वयात मोतीबिंदूही. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. म्हणून लेबलावर 'सोन' किंवा 'लोन'ने संपणारं नाव दिसलं, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, आणि ते डॉक्टरांनी दिलेलं नसेल, तर तिथेच थांबा. लोटेप्रेडनॉल हेही त्याच घरातलं.

आता तुमच्या स्वतःच्या डोळ्यांचं. लिंबायत, उधना, डिंडोलीत किती घरी साडीचं काम चालतं! धागा कटिंग, स्टोन चिकटवणं, वर भरधाव पंखा. कोणी एम्ब्रॉयडरी मशीनवर, कोणी हिरे घासायच्या घंटीवर. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. नजर बारीक कामावर किंवा मोबाईलवर खिळली की हे मिटणं निम्म्याहून कमी होतं. अश्रूंचा पातळ थर उडून जातो आणि डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. कोरड्या डोळ्यातून पाणीही गळतं, त्यामुळे कोरडेपणा लक्षातच येत नाही.

त्यासाठी जो ड्रॉप असतो तो औषधापेक्षा वंगणासारखा. त्यावर कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा सोडियम हायलुरोनेट असं लिहिलेलं असतं. ०.५ टक्क्याचं पातळ, दिवसा कामाला बरं. जेल किंवा मलम घट्ट, त्याने थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून ते झोपताना. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकावं लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला ड्रॉप मागा. बेन्झाल्कोनियम क्लोराईड हे प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार पडलं की तेच डोळ्याला टोचायला लागतं. 'लाली घालवणारा' म्हणून जो ड्रॉप मिळतो तो मात्र वंगण नव्हे. नॅफॅझोलिन असलेला ड्रॉप रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा दाखवतो आणि रोज वापरला तर लाली उलटून जास्त येते.

टाकायची रीत सांगते. हात धुवा. खालची पापणी बोटाने ओढा, तिथे झोळी होते, तिच्यात एकच थेंब. डोळ्यात जेमतेम तेवढंच मावतं, दुसरा गालावर ओघळतो. मग मिनिटभर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबा. दुसरा ड्रॉप असेल तर पाच मिनिटांनी. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका आणि एकाची बाटली दुसऱ्याला देऊ नका. २०२३ साली अमेरिकेत जंतू शिरलेल्या कृत्रिम अश्रूंशी जोडलेल्या संसर्गात ८१ रुग्ण सापडले, चौघे दगावले. ते ड्रॉप आपल्याच देशात बनलेले होते. म्हणून सील बघा, तारीख बघा, साधी बाटली उघडल्यावर महिन्याने टाकून द्या.

आणि मूल डोळे चोळत असेल तर कोरडेपणा आहे असं धरून वंगणही टाकू नका. त्या वयात बहुतेकदा ॲलर्जी निघते, नाहीतर चष्म्याचा नंबर. मूल संध्याकाळी अडखळतं, अंधुक उजेडात ताटातलं चाचपडतं, असं असेल तर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची शंका घ्या. तिने येणारा डोळ्यांचा कोरडेपणा कुठल्याच ड्रॉपने जात नाही. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात या जीवनसत्त्वाचे नऊ डोस फुकट मिळतात. मुलाच्या लसीकरणाचं ममता कार्ड काढून किती झाले ते बघा.

आज रात्री जेवणं झाली की शोकेसवरच्या सगळ्या बाटल्या खाली काढा, ट्यूबलाईटखाली वाचा. कोणाची, कशासाठी, कधी उघडली, हे सांगता येत नसेल ती फेकून द्या. मुलाच्या डोळ्यात एखादी टाकत असाल तर ती फेकू नका. मुलाला घेऊन स्मिमेर किंवा नवीन सिव्हिल हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात जा, बाटली सोबत न्या आणि ती किती दिवस टाकली ते खरं सांगा.