आपल्या हातात काय आहे?

पाऊस लांबला की माणसे म्हणतात, "नशिबात असेल ते होईल." हे खरे का? थोर माणसांनी यावर पुष्कळ विचार केला आहे.

एपिक्टेटस हा रोम शहरातला एक गुलाम. पुढे तो मोकळा झाला व लोकांना शिकवू लागला. त्याला सुमारे १९०० वर्षे झाली. तो सांगे, काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. सुपातले धान्य व खडे वेगळे करावेत, तसे हे आहे.

गीता सांगते, काम तुझ्या हाती, फळ नाही. हीच गीता ज्ञानेश्वरांनी १२९० साली आपल्या जिल्ह्यात, नेवाशाला, मराठीत समजावून सांगितली.

आता भिंगारजवळचा किल्ला पाहा. १९४२ साली इंग्रज सरकारने पंडित नेहरू, मौलाना आझाद वगैरे पुढाऱ्यांना तेथे कोंडले. १९४३ साली आझादांची पत्नी वारली. शेवटची भेटही झाली नाही. दरवाजा उघडणे त्यांच्या हाती नव्हते. लेखणी मात्र हाती होती. आझादांनी पत्रे लिहिली. नेहरूंनी १९४४ साली भारतावर मोठा ग्रंथ लिहिला.

पाऊस आपल्या हाती नाही. बांध घालणे, पोरीला शाळेत धाडणे आपल्या हाती आहे. मग सगळेच नशिबावर का टाकावे? आणि शेजाऱ्याचे पीक पावसाने बुडाले, तर त्याला आळशी का म्हणावे? आम्हांला वाटते, दोन्ही चूक.

तुमच्या घरची एक अडचण घ्या. त्यात तुमच्या हाती काय आहे? पाटीवर लिहा.