जुना नकाशा वाचू या, गावाची माहिती जमवू या



इतिहासाच्या पुस्तकात रायगड आहे, प्रतापगड आहे. आपल्या गावाचे नाव मात्र त्यात नाही. मग आपल्या गावाला इतिहास नाही काय? आहे. तो थोडा जुन्या नकाशात आहे आणि थोडा म्हाताऱ्या माणसांजवळ आहे. नकाशा कसा वाचायचा ते गुरुजींनी आम्हाला वर्गात शिकवले. तेच मी येथे लिहिते.

नकाशा कोण करते?

देशाचे नकाशे सर्वे ऑफ इंडिया हे सरकारी खाते करते. ते 1767 साली सुरू झाले. 1802 साली विल्यम लॅम्बटन नावाच्या साहेबाने मद्रासजवळ साखळीने जमीन मोजली आणि तेथून तो उत्तरेकडे मोजत मोजत निघाला. कोन मोजायचे त्याचे यंत्र अर्धा टन वजनाचे होते. ते माणसे उचलून नेत. 1823 साली लॅम्बटन आपल्या विदर्भात हिंगणघाट येथे वारला. पुढे एव्हरेस्ट साहेबाने ते काम हिमालयापर्यंत नेले. साहेबांची नावे पुस्तकात आली. यंत्र उचलणाऱ्यांची आली नाहीत.

आपला नकाशा कोणता?

प्रत्येक नकाशाला नंबर असतो. आपल्या जळगाव जामोदचा नंबर 55 सी/12 आहे. 55 हा मोठा चौकोन. त्याचे 16 भाग केले की सी येतो. सी चे पुन्हा 16 भाग केले की 12 नंबर येतो. जुन्या नकाशात 1 इंच म्हणजे 1 मैल असे. नव्यात 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर. म्हणून पट्टीने 6 सेंटीमीटर भरले तर खरे अंतर 3 किलोमीटर समजावे.

आधी नकाशाची कड वाचावी. मोजणी कोणत्या साली झाली आणि छपाई कोणत्या साली झाली ते तेथे असते. नकाशात जे दिसते ते मोजणीच्या सालचे असते, छपाईच्या सालचे नसते. जिल्ह्याचे नावसुद्धा पाहावे. जळगाव तालुका ऑगस्ट 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. नंतर तो बुलडाणा जिल्ह्यात आला. म्हणून त्याआधीच्या कागदावर अकोला दिसले तर ती चूक नाही.

रंग आणि खुणा

निळा रंग पाण्याचा, हिरवा जंगलाचा, पिवळा शेतीचा. गावे व पक्के रस्ते लाल असतात. तपकिरी रेघा उंची दाखवतात. उत्तरेला सातपुड्यात त्या अगदी दाटीवाटीने आहेत, कारण तिथे चढ आहे. दक्षिणेला पूर्णा नदीकडे रेघा फार थोड्या आहेत, कारण तिकडे जमीन सपाट आहे. विहीर, देऊळ, मशीद, किल्ला, पोस्ट यांच्या वेगवेगळ्या खुणा आहेत. बाजाराच्या गावाखाली कंसात बाजाराचा वारही लिहितात.

नावेसुद्धा वाचावी. खानदेशात दुसरे जळगाव आहे, म्हणून आपल्या जळगावाला शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडतात. सातपुड्यात चाळीसटापरी गाव आहे. टापरी म्हणजे झोपडी. तेथे आधी किती घरे असतील ते नावावरूनच वाटते ना?

जुने आणि नवे जुळवून पाहणे

आता खरी गंमत. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवावा. जे एकात आहे आणि दुसऱ्यात नाही ते वहीत लिहावे. आमच्या वर्गाला दोन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट. आमच्या गावातून दक्षिणेला एक तुटक रेघ जाते. ती गाडीवाट आहे. पूर्णेपाशी रेघ थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. म्हणजे तिथे नदीला उतार होता. नव्या नकाशात ती वाट नाही. आबाजींनी सांगितले की कापसाच्या गाड्या त्या पांदणीने खामगावला जात. खामगावला 1870 साली रेल्वे आली होती आणि कापसाचा मोठा बाजार होता. आता पांदणीत बोरी-बाभळी आहेत आणि डांबरी रस्ता दुसरीकडून जातो.

दुसरी गोष्ट. शिवेजवळ उजाड गावाची खूण आहे. आम्ही गुरुजींबरोबर तिथे गेलो. माती पांढरी होती. खापराचे तुकडे होते. शेताच्या मधात एकटाच मारुतीचा ओटा आहे. मारुती कुणी शेतात एकटा बसवत नाही, तो गावाच्या वेशीजवळ बसवतात. आबाजी म्हणाले, "पोरी, तठी पयले गाव होतं. पटकीची साथ आली अन् लोकं उठले. आपल्या गावातले चार घरं तठूनच आले." नकाशाने जागा दाखवली. लोक का उठले ते नकाशात लिहिलेले नाही. ते आबाजींनी सांगितले.

हे काम आताच का करावे?

नांदुरा तालुक्यात जिगावजवळ पूर्णा नदीवर मोठे धरण होत आहे. त्या पाण्याखाली पूर्णाकाठची कितीतरी गावे जाणार आहेत. त्यात आपल्या तालुक्यातलीही आहेत. माझ्या आत्याचे गावही त्यात आहे. धरणामुळे शेतीला पाणी मिळेल. पण पुढच्या नकाशात त्या जागी फक्त निळा रंग राहील. वेस कोठे होती, गोड्या पाण्याची विहीर कोणती, हे निळ्या रंगात कसे दिसेल? आपल्याकडे खारपाण पट्टा आहे. तिथे गोड्या विहिरीची किंमत सर्वांना माहीत आहे. म्हणून मी आत्याच्या गावाचा नकाशा वहीत काढला आहे. आत्या सांगते आणि मी खुणा करते. आतापर्यंत 23 खुणा झाल्या.

तुम्ही काय कराल?

1) गुरुजींच्या मदतीने नकाशा मिळवा. 2017 पासून सर्वे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून नवे नकाशे मोफत घेता येऊ लागले. गावाचा शेतनकाशा तलाठ्याकडे पाहायला मिळतो.
2) विहिरी, पांदणी, गढी, ओटे व जुनी झाडे यांची यादी करा.
3) जागेवर मोठ्या माणसांबरोबरच जा. पडक्या विहिरीजवळ एकटे जाऊ नका.
4) घरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

नकाशा कपाटात वर्षानुवर्षे राहील. आजी-आजोबांना मात्र आजच विचारायला पाहिजे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 4 थी