मैदानाचे भाडे माफ करून मागताना

शास्त्रपाठ : नहेम्या २:१-८ आणि ५:१४-१८, मत्तय १७:२४-२७, २ करिंथ ८:१६-२१



पावसाळा सरला की आपल्या सेवाक्षेत्रांत आरोग्य शिबिरे, वसतिगृहाच्या मदतीसाठी मेळावे आणि आदिवासी भगिनींच्या मालाची विक्री यांची तयारी सुरू होते. मंदिराचे आवार अपुरे पडते, म्हणून आपण नगर परिषदेच्या मैदानाकडे किंवा गावच्या बाजारतळाकडे वळतो. मग भाड्याचा विषय निघतो आणि बैठकीत कोणीतरी म्हणतेच, "आपले काम धर्मादाय आहे, आपल्याला कसले भाडे?" अशी माफी कोणाकडे, कशी आणि कोणत्या मनाने मागावी, हे या पाठात पाहू.

१. आपण नेमके काय मागतो?

मैदानाच्या पावतीवर एकच रक्कम नसते. जागेचे भाडे, अनामत, साफसफाईचा आकार, वीज, पाणी अशा वेगवेगळ्या रकमा असतात. अनामत परत मिळते. मैदानात खड्डे राहिले किंवा कचरा पडून राहिला, तर तिच्यातून खर्च वळता होतो. ती माफ करा असे म्हणू नये. सफाई आणि विजेसाठी परिषदेला पदरचे पैसे घालावे लागतात, तेही आपण भरावेत. माफी मागायची ती जागेच्या भाड्याची. असे वेगळे करून मागितले की देणाऱ्यालाही देणे सोपे जाते.

भाडेमाफी म्हणजे सगळ्या परवानग्या नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी वेगळी लागते, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ सर्वसाधारणपणे बंदीचा असतो. खाद्यपदार्थांचे स्टॉल असतील तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीची चौकशी आधीच करावी.

२. जागा कोणाची?

अर्ज लिहिण्याआधी जागेची मालकी तपासावी. मैदान नगर परिषदेचे किंवा नगरपंचायतीचे असेल, तर १९६५ च्या अधिनियमाखाली चालणारा तो कारभार आहे. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यावा. भाड्याचे दर ठरावाने ठरलेले असतात, त्यामुळे सूट देण्याचा विषयही बहुधा सभेपुढे न्यावा लागतो. सभा रोज भरत नाही आणि नगरसेवकाने दिलेला शब्द म्हणजे ठराव नव्हे. जागा महसूल खात्याची असेल तर तहसील कार्यालयात, शाळेचे पटांगण जिल्हा परिषदेचे असेल तर शिक्षण विभागात विचारावे.

आपले बरेचसे काम अनुसूचित क्षेत्रात आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, पालघर, नाशिक, गडचिरोली यांसह १३ जिल्ह्यांत असे क्षेत्र आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि गावच्या बाजाराची व्यवस्था पाहण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला व पंचायतीला दिला आहे. म्हणून बाजारतळ हवा असेल तर सरपंचांच्या सहीवर थांबू नये, विषय ग्रामसभेत मांडावा. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे, तेच लोक तिथे बसलेले असतात. त्यांना विचारणे हा सेवेचाच भाग आहे.

३. नहेम्याने कसे मागितले?

यरुशलेमची दुर्दशा नहेम्याला किस्लेव महिन्यात कळली आणि राजापुढे तो बोलला नीसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने त्याने प्रार्थनेत काढले, पण विचारही केला असला पाहिजे. कारण राजाने विचारताच त्याने मुदत सांगितली, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रे मागितली आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावेही पत्र मागितले. लाकूड कशासाठी हवे, तेही मोजून सांगितले : दरवाजांसाठी, तटासाठी आणि स्वतःच्या घरासाठी. देवाच्या कृपादृष्टीवर त्याचा भरवसा होता, म्हणून मागणी मोघम ठेवावी असे त्याला वाटले नाही.

आपला अर्जही तसाच असावा. कार्यक्रमाचा हेतू, तारीख व वेळ, मैदानाचा किती भाग लागेल, किती लोक येतील, नेहमीचे भाडे किती आणि त्यातले किती माफ हवे, जमलेला पैसा कुठे जाईल, हे सगळे एका पानात मावते. सोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदणीची प्रत, मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि विश्वस्तांचा ठराव जोडावा. निदान दोन महिने आधी अर्ज द्यावा, आवक क्रमांक घालून पोच घ्यावी आणि मंजुरी लेखीच मागावी.

एका कार्यालयातील लिपिकाने आम्हाला विचारले होते, "तुम्हाला सोडले तर उद्या दुसरे मंडळ येईल, त्यांना मी काय सांगू?" प्रश्न रास्त होता. सार्वजनिक संस्थेला सर्वांशी सारखे वागावे लागते. म्हणून अर्जात आपल्या नावाचा मोठेपणा सांगू नये. दुसऱ्या कोणत्याही धर्माच्या संस्थेने हेच काम केले तर तिलाही लागू पडेल असे कारण द्यावे : उपचार मोफत आहेत, सर्वांना खुले आहेत, नफा कोणी घेत नाही.

४. सेवा आणि उपासना

याच कारणासाठी दोन्हींचे कार्यक्रम वेगळे ठेवावेत. लोकांच्या करातून एखाद्या धर्माचा प्रसार होऊ नये, हा विचार राज्यघटनेच्या कलम २७ मागे आहे, आणि माफ झालेले भाडे हा शेवटी लोकांचाच पैसा आहे. सिकलसेल तपासणीच्या नावाने मैदान घ्यायचे आणि संध्याकाळी तिथेच सुवार्तेची सभा लावायची, असे करू नये. ते कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे आहे आणि आपल्या साक्षीला डाग लावणारे आहे. तपासणीला आलेल्या आईला वाटता कामा नये की औषधाच्या बदल्यात तिच्याकडून काही हवे आहे. उपासनेसाठी मैदान हवे असेल तर तसे उघड लिहावे आणि पूर्ण भाडे भरावे.

५. सूट कोणाच्या पदरात पडते?

आठवडे बाजारात मोहाची फुले, हिरडा, करटुली, बांबूच्या टोपल्या घेऊन बसणारी बाई जागेची पावती फाडते. माल विकला गेला नाही तरी ती पावती चुकत नाही. त्याच मैदानावर आपल्याला भाडेमाफी मिळते आणि आपण स्टॉलमागे पैसे घेतो, तेव्हा त्या बाईच्या वाट्याला काय येते? तिच्या नावाने मिळालेली सूट तिच्यापर्यंत पोचायलाच हवी. मैदान माफीत मिळाले तर आदिवासी विक्रेत्यांकडून स्टॉलचे पैसे घेऊ नयेत आणि हे अर्जातच लिहून द्यावे.

इथे नहेम्याचा पाचवा अध्याय वाचावा. अधिपती म्हणून मिळणारा भत्ता त्याने बारा वर्षे घेतला नाही, कारण लोकांवरचा भार जड होता. दुसऱ्या अध्यायात मागणारा नहेम्या इथे मिळणारे सोडून देतो. कामासाठी त्याने मागितले आणि लोकांसाठी सोडले. ज्या लहान ग्रामपंचायतीचे उत्पन्नच बाजाराच्या पावत्यांवर चालते, तिथे आपणही भाडे भरून मोकळे व्हावे.

६. नकार आणि हिशेब

नकार आला तर कारण लेखी मागावे, शक्य असल्यास पुढच्या सभेत पुन्हा अर्ज करावा. पण रागाने बोलू नये. कफर्णहूमात मंदिराची पट्टी मागायला लोक आले, तेव्हा आपण पुत्र आहोत, मोकळे आहोत, हे प्रभूने पेत्राला सांगितले; तरी त्यांना अडखळण होऊ नये म्हणून दोघांची पट्टी भरायला लावली. भाडे भरल्याने आपले काम लहान होत नाही.

माफी मिळाली तर कार्यक्रमानंतर महिन्याभरात जमाखर्च परिषदेकडे पाठवावा, कोणी मागितला नाही तरी. यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधू घेतला, तो कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणूनच. मैदान झाडून, खुंट्यांचे खड्डे बुजवून परत केले तर पुढच्या वर्षीचा अर्ज अर्धा तिथेच लिहून होतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या मागील कार्यक्रमाची जागा कोणाच्या मालकीची होती? परवानगी कोणी दिली?
२. आपल्या मेळाव्यात विक्रेत्या भगिनींच्या हाती प्रत्यक्ष किती पैसे राहिले?
३. मिळू शकणारी कोणती सवलत आपण लोकांसाठी सोडून देऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभू, मागताना आम्हाला नम्रता दे, मिळाल्यावर प्रामाणिकपणा दे आणि नाकारले गेल्यावर शांती दे. तुझ्या नावाने घेतलेली कोणतीही सवलत गरिबाच्या वाटेत आमच्यापाशी अडकून राहू नये. आमेन.