भीतीचा रंग कोणता?

दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो का? त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीती सांगायला कधी कधी शब्दच सापडत नाहीत. तेव्हा रंग मदतीला येतात.

भारतातल्या काही दंतवैद्यांनी शाळकरी मुलांना भावनांसाठी रंग निवडायला सांगितले. चांगल्या भावनेसाठी बऱ्याच मुलांनी पिवळा निवडला, नकोशा भावनेसाठी काळा. रंगावरून डॉक्टरांना मुलाच्या मनातलं थोडंसं कळतं. पण थोडंसंच! काळा हा तुझा आवडता रंगही असू शकतो ना? म्हणून रंग दाखव आणि तोंडानेही सांग.

मुलांचे डॉक्टर बहुतेक वेळा आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. ही पद्धत १९५९ सालापासून माहीत आहे. तूही विचार, "हे काय आहे? दुखेल का?" आणि आधीच ठरवून घे : मी हात वर केला की थांबायचं.

शब्दार्थ
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे
दंतवैद्य – दातांचे डॉक्टर

लिही
१. हात वर करण्याचं आधी का ठरवायचं?
२. तुझ्या भीतीचा रंग कोणता? का? तीन वाक्यं लिही.