पाचचा आकडा का गाठत नाही?

प्रश्न : माझा कोअर आय-५ ८६००के प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झला १.३० व्होल्टवर तासन् तास चालतो. ५ गिगाहर्ट्झला १.४० व्होल्ट देऊनही व्हिडिओ रेंडर करताना निळा स्क्रीन येतो. तापमान ९७ अंश. काय चुकतंय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा काहीच नाही, तुमच्या चिपची हद्द आली आहे. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुमच्याच आकड्यांत वेग वाढला ४ टक्के, उष्णता सुमारे २१ टक्के! शिवाय या पिढीत चिप आणि धातूच्या झाकणामध्ये सोल्डर नाही, पेस्ट आहे. कूलर कितीही मोठा घ्या, उष्णता तिथेच अडते. १०० अंशांना प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे.

१.४० व्होल्ट रोज देऊ नका, चिप हळूहळू झिजते. एक खात्री मात्र करा : रॅमचं एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून पाहा. पुष्कळदा दोष रॅमचा असतो आणि बोल प्रोसेसरला लागतो. तरीही अडलंच, तर ४.८ वर परत या आणि व्होल्टेज ०.०१ने उतरवत जा, दर पायरीला तोच व्हिडिओ रेंडर करून.