राजीनामा दिलास का?

साकेत नगर, भोपाळ

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या इंदूरच्या काकूचा फोन आला. "छोटू नोकरी सोडतोय म्हणे," एवढं बोलून तिने लगेच लोणच्याच्या कैऱ्यांचा विषय काढला. माझा मात्र रात्रभर डोळा लागला नाही. राजीनामा दिलास का रे? दादाला ठाऊक आहे का?

तुझं स्टेटस मी रोज बघते. उगवता सूर्य, खाली एक वाक्य, त्याखाली थोरामोठ्यांचं नाव. एक दिवस वपु, एक दिवस कलाम, परवा बाबा आमटे. पु.लं.च्या नावावर तर तू असलं काही खपवलंस की ते स्वतःच हसले असते. वाक्यं गोडच असतात, पण घरभाडं त्यांनी भागत नाही.

ज्या वपुंच्या नावाने तू मनासारखं जगायला निघालास, ते वास्तुविशारद होते, मुंबई महापालिकेत नोकरी करायचे. कथाकथन, पुस्तकं, सगळं ती सांभाळून. बाबा आमट्यांनी वकिली सोडली खरी. पण तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून ते आधी घाबरून मागे फिरले होते. मग त्या भीतीशी झगडले, कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं, आणि आनंदवन उभारताना साधनाताई बरोबर होत्या. तुझ्याबरोबर कोण आहे? राजीनाम्याची बातमी दादाच्या आधी काकूला कळते, ही कुठली रीत?

मुक्तिबोधांचं नाव निघालं की तुझे आजोबा गप्प व्हायचे, आठवतं ना? मराठी घरातला माणूस, लिहिलं हिंदीत. भाऊ शरच्चंद्र मराठीत. किती नोकऱ्या धरल्या-सोडल्या, तेव्हा कुठे १९५८ साली राजनांदगावच्या कॉलेजात टेकले. १९६४ साली आजारी होऊन इथे हमीदिया रुग्णालयात आले. मित्रांनी धावपळ करून दिल्लीला हलवलं, पण ११ सप्टेंबरला गेले. पहिला स्वतंत्र कवितासंग्रह छापलेला पाहणं नशिबी नव्हतं. मित्र होते म्हणून तेवढं तरी झालं. तू तर कुणाचा फोनच उचलत नाहीस.

मी तरी कुठली शहाणी! १९८२ साली भारत भवन उघडलं, कारंतांच्या रंगमंडळाचा बोलबाला झाला. मला जायचं होतं. अण्णा नाहीच म्हणतील असं माझं मीच ठरवलं आणि बँकेची परीक्षा देऊन टाकली. पुढे कधीतरी जेवताना अण्णा सहज म्हणाले, "विचारलं असतंस तर पाठवलं असतं." घास घशात अडकला. बँकेने खूप दिलं, तक्रार नाही. पण तिथे नाटक बघायला बसले की अजून लक्ष लागत नाही.

फार बोलले, मनावर घेऊ नकोस. नोकरी नकोशी झाली असेल तर सोड. साहेब छळतोय का? झोप लागत नाही का? जेवतोस ना वेळेवर? जे असेल ते सांग, पण तुझ्या शब्दांत सांग. मोडकंतोडकं चालेल.

राजीनामा दिला असलास तरी शनिवारी ये. राणी कमलापतीला उतर, मी घ्यायला येते. दादालाही बोलावून घेते. बोलायचं मी बघेन, तू फक्त माझ्या शेजारी बस. वरणफळं करते, वर तूप तुला हवं तेवढं.

तुझी,
आत्या

ता.क. भाडं थकलं असेल तर संकोच करू नकोस, मला कळव. हे मात्र दादाला सांगायचं नाही.